उजवा पाय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंचा उजवा पाय दिवसभर राबतो, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई नुसत्या बसल्यात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, तो भिंतीवर जायला निघाला की आपल्या पायाखालचा जादाचा ब्रेक दाबायचा, आणि वर "छान, छान, घाबरू नका" म्हणायचं. वर्षानुवर्षं हेच. त्या पायाने कितीजणांची हाडं वाचवली असतील, पण त्याचं कौतुक कोण करतंय!

हाच पाय सायकलच्या शर्यतीत बाईंच्या मुळावर उठला होता.

चाळिशी उलटल्यावर बाईंनी हे खूळ डोक्यात घेतलं. गोल ट्रॅक, वळणांवर उभ्या चढलेल्या कडा, आणि सायकलला ब्रेकच नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायाने पेडल रोखून धरायचं. बाईंचा दम दांडगा. सरावात अर्ध्या वयाच्या पोरींच्या तोंडाला फेस आणायच्या. शर्यतीत मात्र कुणी बाजूने जवळ सरकलं, की डोक्याला न विचारता उजवा पाय पेडल रोखायचा. वेग पडायचा, पुढे फट व्हायची, एक आत शिरायची, तिच्यामागे दुसरी. दोन मोसम बाई खालच्या गटात कुजत होत्या आणि ट्रॅकवर त्यांना नाव पडलं होतं, 'या-बसा'.

त्यातून ती औषधाच्या दुकानातली उंच मुलगी! बाईंच्या पुढची जागा ती घरची असल्यासारखी घ्यायची, आणि शर्यत संपली की गोड हसून म्हणायची, "थँक यू हं, ताई." बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तोंडातून मात्र निघायचं, "अगं, असू दे."

"बाई, तुम्ही हरत नाही, जागा वाटता," ट्रॅकवर शिकवणारे मास्तर म्हणायचे. त्यांचे स्वतःचे गुडघे कधीच कामातून गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. "तो उजवा पाय एक दिवस घरी ठेवून या."

"ठेवते हो. माझ्याआधी तो इथं पोचलेला असतो."

घरी नवऱ्याने समजूत घातली, "सोड ना. तुला कुठं बक्षिसं लावायचीत भिंतीला?"

"बक्षीस गेलं चुलीत. मला एकदा नीट हरायचंय. आत्ता मी हरतसुद्धा नाही, सोडून देते," बाई म्हणाल्या आणि भांडी जरा जास्तच आपटून ठेवली.

मोसमातली शेवटची शर्यत जवळ आली. पहिल्या तिघींना वरच्या गटात घेणार होते. बाईंनी पायाला वळण लावायचं मनावर घेतलं. गाडीत बसूनसुद्धा मनात घोकायच्या, रोखायचं नाही, रोखायचं नाही. आणि त्या हट्टी पायाने ऐकलं कुठं? तर नेमकं कामावर. एक निवृत्त काका गाडी मागे घेत होते, बाईंचा पाय शहाण्यासारखा गप्प बसला, आणि गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाच्याच फाटकावर जाऊन आदळली.

"बाई, पाय कुठं होता तुमचा?" मालक ओरडला.

बाईंना रडावं की हसावं कळेना. काकांची त्यांनी दहादा माफी मागितली आणि घोकणं त्या क्षणी बंद केलं. माणसांच्या जिवाशी खेळून कुठं शर्यत जिंकतात का?

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा बाई तिसऱ्या होत्या. दोघी पुढे निघून गेल्या होत्या, त्यांचं नाव नको. वळणावर डावीकडून ओळखीचा श्वास ऐकू आला. औषधवाली. तिचं कोपर बाईंच्या कोपराला टेकलं, आणि बाईंचा पाय ताठरला. पण या वेळी तो ताठरतोय हे त्यांना वेळेत कळलं.

"दाब, मेल्या!" बाई आपल्याच पायावर खेकसल्या.

पायाने दाबलं. कोपर कोपराला घासलं, बाई आपल्या रेषेवरून तसूभर हलल्या नाहीत, आणि औषधवालीला मागे सरावं लागलं. पण त्या झटापटीत बाईंचा सगळा दम खर्ची पडला. अगदी शेवटच्या रेषेवर वरच्या कडेने कुणी तिसरीच आली आणि चाकभर पुढे गेली.

बाई चौथ्या.

कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी बूट भिंतीवर फेकला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि सगळं रागाचं होतं. परत खालचा गट, परत तीच थट्टा, परत सगळं पहिल्यापासून. तेवढ्यात औषधवाली लाल झालेलं कोपर पुढे करत आत आली.

"ताई, केवढं लागलं बघा! जरा सरकला असतात तर काय बिघडलं असतं?"

'अगं, असू दे' दातांपर्यंत आलं. बाईंनी ते गिळलं.

"जागा माझी होती," त्या म्हणाल्या.

मुलगी पिशवी खांद्याला लावून निघून गेली. थँक यू म्हणायचं तिचं राहूनच गेलं.