परत आलेल्या मुलांच्या नगरकर बाई

आठवीच्या पहिल्याच आठवड्यात मी मधल्या सुट्टीत हायस्कूलमधून पळालो आणि येरवड्यातल्या आमच्या जुन्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन बसलो. सुलभाबाई नगरकर तिथं शिकवत होत्या. त्यांनी मला बाहेर काढलं नाही. माझं पुढचं सगळं त्या क्षणापासून वेगळं झालं. बाईंच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात प्राचार्य, डॉक्टर, इंजिनिअर लिहितील. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेला मुलगा. तरी संपादकांनी लिही म्हटलं, म्हणून लिहितो.

सातवीपर्यंत दिवसभर एकच बाई. आपण जेवलो का, रात्री घरी भांडण झालं का, त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. आठवीत दर तासाला नवे सर, आणि कुणालाच आपलं नाव माहीत नाही. त्या दिवशी मी मारामारी करून आलो होतो.

"कोण जिंकलं?" बाईंनी विचारलं.

"तो."

"मग बस. पाणी पी."

तास संपल्यावर त्यांनी स्वतः मला हायस्कूलमध्ये नेऊन सोडलं. वर्गशिक्षकांना माझं नाव सांगितलं, आणि वर, "याचा आवाज चांगला आहे, याला वाचायला उभं करत जा." दुसऱ्या दिवशी सरांनी मला नावानं हाक मारली. मी तिथं टिकलो तो त्या हाकेमुळे.

मी काही पहिला नव्हतो. जूनमध्ये अशी मुलं परत येतातच, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्या वर्गातला शेवटचा बाक महिनाभर रिकामा ठेवत. मुख्याध्यापक एकदा दारातून म्हणाले, "नगरकर बाई, हा वर्ग आहे की एसटी स्टँड?" बाई फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "स्टँडवर तरी आलेत, सर. घरी बसले असते तर आपण आणायला गेला असतात का?" सर निघून गेले. बाक रिकामाच राहिला.

पुढे कर्वेनगरच्या कॉलेजात मृण्मयी भेटली. तिनं नाही म्हटलं, तेही नीट, समजुतीनं. त्याचाच जास्त राग आला. ती बसते त्या वर्गात मला बसवेना. कॉलेज सोडलं आणि बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन रडलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्यासमोर सुरी आणि कांदे ठेवले. "एवीतेवी डोळ्यांतून पाणी येतंच आहे, तर एवढे चिरून टाक." मी चिरले. जेवून गेलो. कॉलेज का सोडलंस, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मृण्मयीला विसरलो, असं मात्र खोटं लिहिणार नाही.

निवृत्तीनंतर बाई आठवीच्या नव्या मुलांसाठी जूनभर हायस्कूलच्या फाटकाशी उभ्या राहत. यंदा त्या नव्हत्या. मे महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. ज्यांना प्रत्येक मुलाचं नाव त्याच्या भावंडांसकट पाठ, त्या बाई आता माझंच नाव शोधत थांबतात. मला ते बघवत नाही. यंदा त्यांच्या जागी मी उभा राहिलो. आणि मी म्हणजे बाई नव्हे.

आमच्या गल्लीतली सानिया यंदाच आठवीत गेली. थोडे दिवस आली आणि यायची थांबली. मी बाईंना हे सांगितल्यापासून त्या रोज विचारतात, "सानिया?" म्हणून काल तिच्या घरी गेलो. तिचे वडील सलीमचाचा, फर्निचरचं काम करतात. म्हणाले, "तिथं गेल्यापासून पोरगी गप्प गप्प असते. राहू दे घरी." मी आवाज चढवला. चाचाही उठले.

"कॉलेज सोडलंस ना तू? सगळ्या गल्लीला माहितीये. आधी तू जा, मग आमच्या पोरीला शिकवायला ये!"

सानिया आतल्या दाराशी उभी होती. तिच्याकडे न बघता मी तणतणत निघालो.

आज हे बाईंना सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेतील.

"खरंच... बोलले ते," बाई म्हणाल्या.

"मग कुठल्या तोंडानं परत जाऊ, बाई?"

"आहे... त्याच." मग बऱ्याच वेळानं, "बस म्हणाले तर बस. चहा दिला तर पी. ओरडू नकोस. तिला विचार... डबा कुणाबरोबर खाते."

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. बाई तेवढ्यानं दमल्या.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मला नुसती वर्षं पुरणार नाहीत. बाईंचा हात परत यावा, बोलणं परत यावं, पुढच्या जूनमध्ये त्या फाटकाशी उभ्या असाव्यात आणि त्यांनी मला तिथून पिटाळून लावावं. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला आहे. तरी मागतो. आपण सगळ्यांनीही मागावं.

हे त्यांच्या पलंगाशेजारी बसून लिहीत होतो. बाईंनी डोळे उघडले.

"अजून... इथंच?"

चाचांची घरी यायची वेळ झाली होती. मी कागद आवरले, बाईंच्या पायांवर चादर ओढली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.