लोखंडाची सवत

माझा नवरा रेल्वेत वेल्डर आहे. लोणावळा ते तळेगाव या पट्ट्यात रूळ सांधायचं काम त्याच्या गँगकडे असतं. मी एका दैनिकात बातमीदार. गेल्या हिवाळ्यात मला नागपूर आवृत्तीची जबाबदारी देऊ केली होती आणि आठवडाभरात उत्तर हवं होतं. तळेगावला नणंदेकडे जाताना लोकलमध्ये मी विषय काढला. मळवली सुटल्यावर त्याने बोट वर केलं.

"थांब गं जरा."

गाडी त्याने सांधलेल्या जोडावरून जात होती. जोड नीट बसला असेल तर चाक वाजत नाही. तो ते न वाजणं ऐकत होता. पुढच्या जोडाला पुन्हा बोट. नागपूर राहूनच गेलं.

परतल्यावर शेजारच्या मावशींना सांगितलं. त्या मावळातल्या तिकोणा पेठ गावच्या.

"तुजी सवत लोखंडाची हाय," त्या म्हणाल्या. "नटत न्हाई, मुरडत न्हाई, म्हायेरी बी जात न्हाई. भांडशील कशी?"

मी हसले, पण शब्द मनातून जाईना.

दोन दिवसांनी बातमीच्या निमित्ताने मी मळवलीजवळ रुळांवर गेले. दुपारी गाड्या थांबवून काम चाललं होतं. दोन रुळांच्या टोकांमध्ये बोटभर फट होती. तिच्याभोवती साचा बसवून नवरा त्याच्या कडा ओल्या मातीने लिंपत होता, अंगठ्याने, सावकाश, कुठे भेग राहू नये म्हणून. माझा ताप बघताना तो हात लावतो आणि लगेच काढतो.

रुळांची टोकं लाल होईपर्यंत तापवली. साच्यावर धातू वितळवायची मूस ठेवली. तिच्यात थर्मिट, म्हणजे ॲल्युमिनियम आणि लोखंडाचा गंज यांची भुकटी. पेटवताच पांढरा भडका उठला. थोड्या वेळाने वितळलेलं पोलाद आपसूक खाली साच्यात उतरलं. मग ते गोठेपर्यंत थांबायचं. त्याची नजर घड्याळावर होती.

"वहिनी, आता हाक मारा," गँगमधला एकजण म्हणाला. "वळला तर चहा माझ्याकडून!"

मी हाक मारली नाही. तो वळला नसता, हे सगळ्यांसमोर कळायला नको होतं.

साचा फोडून, जास्तीचं पोलाद लाल असतानाच छाटलं. मग घासून सपाट केलं. शेवटी त्याने जोडावर पोलादी पट्टी ठेवली आणि खालून उजेड दिसतो का हे पाहायला गुडघ्यांवर वाकला. माझ्या कुठल्याही बातमीकडे त्याने इतक्या जवळून पाहिलेलं नाही.

रविवारी आम्ही पुन्हा तळेगावला निघालो. नागपूरला उत्तर द्यायचा तो शेवटचा दिवस होता. तो नवा जोड आला तेव्हा त्याच्याआधी मी बोट वर केलं. तो चकित झाला.

"कसा वाटला?"

"वाजला नाही."

तो इतका खूश झाला की मला पुन्हा तिचा हेवा वाटला.

"नागपूरला आज कळवायचंय," मी म्हणाले. "जाऊ का?"

पुढचा जोड आला होता. त्याने बोट वर केलं. मी फोन काढला आणि होकार पाठवला.

"हं, काय म्हणत होतीस?" त्याने कामशेतला विचारलं.

"नागपूरला हो कळवलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. तळेगावपर्यंत त्याचे आणखी जोड होते. बोट वर आलं नाही.