फुटकेसर आणि ९९७३

माझे मामा माणसाचं तोंड पाहण्याआधी त्याच्या गाडीची पाटी पाहत आणि तिथंच निकाल लावत. "फुटका." म्हणजे त्या नंबराला एक सोडून दुसऱ्या कुठल्या तरी संख्येनं पूर्ण भाग जातो, तो मूळ संख्या नाही. बहुतेक नंबर फुटकेच निघतात, त्यामुळे बहुतेक माणसंही. धारूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त होईस्तोवर गावानं त्यांचं नाव फुटकेसर पाडलं होतं.

मी हौसेनं नवी मोटारसायकल दाखवायला नेली, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "सम हाय. तपासायची बी गरज न्हाई. तुझ्यासारखाच हाय बे, पहिल्याच घावात दोन तुकडे." मी हसलो. गणितात त्यांनीच मला काठावर पास केलं होतं, दुसरं काय करणार?

त्यांच्या धाकट्या लेकीला, शालूला, उमापूरकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील पुढारी. आमच्याकडं पुढारी नंबर आधी मिळवतो, गाडी नंतर घेतो. यांचा होता ९९९९. शालूला एम.एस्सी. करायचं होतं, पण लग्नानंतर शिकणं बंद, असा त्यांचा निरोप होता. तरी मामींना स्थळ हवंच होतं. पाटीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी त्यांनी मामांना देवापुढं शपथ घातली.

पाहुणे बसले. मुलाच्या वडिलांनीच विषय काढला, "सर, तुमी गणिताचे. आमचा नंबर कसा हाय?"

मामांच्या कपाळाला घाम फुटला. "मोठा हाय," एवढंच म्हणाले. इतका नम्र माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

चहा ठेवता ठेवता शालू म्हणाली, "मोठा हाय, पण तीनानं जातो, अकरानं जातो, एकशे एकानं बी जातो."

पाहुण्यांची बशी ओठाशी थांबली. "मग आमी कोणता घ्यायचा?"

"९९७३. कशानंच फुटत न्हाई. चार अंकांत त्याच्याहून मोठी मूळ संख्या न्हाई."

मामींनी डोळे मिटले. अजूनही सावरता आलं असतं. पण मामा कडाडले, "अर्धवट सांगू नको. ब्याऐंशीचा वर्ग अन् सत्तावन्नचा वर्ग, बेरीज करा, ९९७३. दोन वर्गांत मांडायची तेवढी एकच रीत, दुसरी न्हाई. ते कोण सांगणार?"

पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला आणि ते उठले. मामी आठवडाभर मामांशी बोलल्या नाहीत.

शालूला विद्यापीठाकडं जाणाऱ्या बसमध्ये बसवायला आम्ही मांजरसुंब्याच्या फाट्यावर गेलो. मामांनी आशीर्वाद वगैरे दिला नाही. "एम.एस्सी. लई लोक करतेत," म्हणाले. "मास्तर बरोबर म्हणला तरी ताळा करून बघत जा." बस गेली. माझे डोळे भरले, तर म्हणाले, "तू कावून रडतो बे? तुला कोणी शिकायला न्हाई पाठवत."

मी म्हणालो, "मामा, घरी चला."

"थांब जरा. बस दिसतेय अजून."

रस्ता केव्हाचा रिकामा होता.