रिमोटची पहिली पाळी

माझं जे काही बरं झालं, ते आमच्या घरमालकीण काकूंमुळे झालं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं हसण्याच्या भरात राहून जायचं. आता दुसरी गोष्ट. टीव्हीवर खेळायचे जे क्रिकेट-फुटबॉलचे गेम असतात, त्यांतला आजवरचा सगळ्यात भारी कुठला, हे ठरवायचा अधिकार जगात एकाच माणसाला द्यायचा झाला, तर तो लोणी देवकरजवळच्या एका वस्तीवर, उसाच्या कडेला राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या आमच्या काकूंनाच द्यावा लागेल. गेम बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना ही गोष्ट अजून कळलेली नाही. तोटा त्यांचाच आहे.

मी किनवटकडची. नववीत गणितानं मला आडवं केलं, आणि फळ्यापुढं उभं केलं की माझे हात असे थरथरायचे की खडूच मोडायचा. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं दुसऱ्यांच्या रानात निंदण-खुरपण झालं, आणि मग इकडं एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. काकूंच्या घरामागची खोली भाड्यानं मिळाली. पण मी बॅग काही उघडेना. कधी कोण ‘चल, नीघ’ म्हणेल याचा नेम नाही, तेव्हा भरलेली बरी, असा माझा हिशेब. एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून आरोळी आली, “आरं पळ की मुडद्या! पाय हायत का मुळं फुटल्यात?” मला वाटलं घरात हाणामारी लागली. भीत भीत डोकावले, तर काकू पदर खोचून, मांडी ठोकून टीव्हीपुढं बसलेल्या, आणि पडद्यावर अकरा गोरेगोमटे खेळाडू त्यांच्या शिव्या खात घामाघूम पळत होते. मान न वळवता काकू म्हणाल्या, “आलीस व्हय? बस. एक माणूस कमीच पडतंय.”

गेमच्या त्या दोन शिंगांच्या बटणपट्टीला काकू रिमोट म्हणतात, म्हणून मीही रिमोटच म्हणते. हे सगळं सामान त्यांच्या मुलाचं, दादाचं. तो नोकरीला परदेशात गेला, कुठल्यातरी बर्फाच्या गावात. जाताना कॉलेजात घेतलेलं गेमचं नवं यंत्र, लहानपणचं जुनं यंत्र आणि कॅसेटांची पेटी घरी ठेवून गेला. काकूंनी त्यातला एकेक गेम गोठ्यातलं जनावर पारखावं तसा पारखला. त्यांची क्रमवारी दर बाजाराला बदलते, पण काही निकाल पक्के आहेत. कुस्तीचा गेम पहिल्याच डावात बाद. पडद्यावरच्या पैलवानानं खुर्ची उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घातली, तशा म्हणाल्या, “ही कुस्ती न्हाय, ही ग्रामसभा हाय.” गाड्यांच्या शर्यतीत त्या प्रत्येक वळणाला हॉर्नचं बटण शोधतात, ते नाही, म्हणून तो गेम कच्चा. गोल्फ बघून तर त्यांचा जीव तुटतो. “एवढं पान्याखालचं सपाट रान, आन् लावलंय काय, तर गवत! त्यात परत उंदरागत भोकं पाडून ठेवल्यात.” हातातली कांडी हवेत फिरवली की टेनिसचा फटका बसतो, असाही एक गेम आहे. काकूंनी पहिलाच फटका कोयत्यानं ऊस तोडावा तसा बुडातून मारला. समोरचा गोरा गारद झाला आणि शोकेसवर ठेवलेला, त्यांच्या यजमानांना बैलांच्या प्रदर्शनात मिळालेला कप खाली येऊन फुटला. यजमान म्हणजे तात्या, कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते शांतपणे म्हणाले, “चला, माझं बक्षीस पन हिनंच मारलं.”

बहुतेक वेळा पहिला नंबर असतो जुन्या कॅसेटवरच्या क्रिकेटचा. खेळाडू मुंगीएवढे, पंचाला तोंडच नाही, चेंडू मनात आलं तर दिसतो. मी एकदा धीर करून विचारलं, “काकू, यात भारी काय आहे? धड दिसतसुद्धा नाही.”

“आत्ता हारलीस न्हवं? रिमोट खाली ठिवावा वाटतोय का?”

“नाही.”

“मंग? ज्या गेमात हारल्यावर ‘अजून एक’ म्हणावं वाटतंय, त्यो भारी. चित्रं काय, साडीच्या दुकानात बी झ्याक असत्यात.”

पण काकूंचं खरं वेड कळायचं तर इकडच्या कालव्याची रीत माहीत पाहिजे. कालव्याला पाणी सुटलं की पाळी शेवटच्या टोकापासून सुरू होते. सगळ्यात लांबच्या शेतकऱ्याचं रान पहिलं भिजतं, मग वर वर येत मुखाजवळच्याचं. उलटं केलं तर वरचे चिंब आणि खालचे कोरडे. काकूंचं रान नेमकं शेवटच्या टोकाला, त्यामुळं ही रीत त्यांच्या रक्तात आहे, आणि तीच त्यांनी रिमोटला लावली. जो सगळ्यात लांबून आलेला, त्याची पहिली पाळी. यंत्र चालू केलं की त्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात बघतात. तिथं दादाचं नाव आहे. तो तिकडं खेळायला बसला असेल तर नावापुढचा ठिपका हिरवा होतो. बहुतेक वेळा तो राखाडीच असतो. काकू “कामात आसंल,” म्हणतात, आणि रिमोट माझ्या हातात देतात. “त्यो न्हाय, तर मंग लांबची तू.” तात्या सगळ्यात जवळचे. त्यांची पाळी लग्नापासून अजून आलेली नाही.

ही रीत काकू खेळातसुद्धा सोडत नाहीत. फुटबॉलमध्ये चेंडू मिळाला, की आधी तो सगळ्यात मागं उभ्या असलेल्या आपल्या माणसाला. “त्या बिचाऱ्याकडं कोण जातंय!” मग आमच्याच गोलकीपरच्या पुढ्यातून चेंडू फिरवत बसायचं. मी घाबरले की सगळी बटणं एकदम दाबायची. मग काकू ओरडायच्या, “आगं, बटणं हायती ती, म्हशीची सडं न्हवं, सगळी एकदम पिळायला!”

अशातच कारखान्यात फर्मान निघालं. पॅकिंगच्या आम्हा पोरींना फोर्कलिफ्ट, म्हणजे खोक्यांची थप्पी लाकडी फळीसकट उचलणारी गाडी, चालवायला शिकवणार, मग चाचणी. पास होईल ती राहील, बाकीच्यांचं कंत्राट तिथंच संपणार. मी शिकले खरी, पण साहेब बघायला उभे राहिले की हात फळ्यापुढचे व्हायचे. चाचणी सोमवारी होती. शनिवारी मी काकूंना म्हणाले, “खोली रिकामी करते. सोमवारी सगळ्यांपुढं हसं करून घेण्यापेक्षा उद्याच्याच गाडीनं जाते गावाकडं.”

काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “उद्या न्हाय जमायचं. उद्या बारामतीत आपली म्याच हाय.”

एका मोबाइल दुकानदारानं माडीवर फुटबॉलच्या गेमची स्पर्धा ठेवली होती, जोडीजोडीची, आणि काकूंनी मला न विचारता आमच्या दोघींची नावं दिली होती. तात्यांनी पिकअपमधून नेलं. काठापदराचं लुगडं, हातात चटणी-भाकरीची पिशवी आणि जिना चढताना तोंडात देवाचं नाव, अशा काकू आत शिरल्या. नावं लिहिणारा पोरगा म्हणाला, “आजी, नातवाला घेऊन आलाय का?”

“नातू अजून झाला न्हाय बाबा. तवर मीच आले.”

पहिल्या सामन्यातली पोरं आमचा मागं मागं जाणारा चेंडू बघून खो खो हसली, आणि हसत हसत त्यांनी आपले सगळेच्या सगळे खेळाडू पुढं आणले. त्यांच्या मागचं रान मोकळं पडलं. काकूंनी एक लांबलचक चेंडू टाकला आणि मी, कशी कोण जाणे, एकच बटण दाबलं. गोल! काकूंनी माडीवर असा पाय आपटला की खालचं गिऱ्हाईक वर बघायला आलं. तात्या शिट्टी वाजवत होते. तात्यांना शिट्टी येते हे काकूंनाही ठाऊक नव्हतं.

दुसरा सामना कॉलेजच्या दोन पोरांशी, बरोबरीत सुटला. पेनल्टी आल्या. त्याही बरोबरीत येत येत शेवटची एकेक किक राहिली, आधी आमची, मग त्यांची. काकूंनी आपला रिमोट सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

“काकू, तुम्ही मारा. पाया पडते.”

“रीत म्हंजी रीत. लांबची तू.”

सगळी माडी माझ्याकडं बघत होती. हात फळ्यापुढचे झाले. मी मारलेला चेंडू गोलवरून, प्रेक्षकांवरून, बहुधा भीमेपलीकडं गेला. पुढच्या किकला त्या पोरांनी गोल मारला आणि आम्ही हरलो. मी डोळे मिटून बसले; आता बोलणी बसणार. आणि कानावर आलं ते काकूंचं हसणं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “आगं, गेला कुठं त्यो चेंडू! सोलापूरला गेला का काय!” मग ती पोरं हसली, तात्या हसले, आणि मीही हसायला लागले. सगळ्यांपुढं चुकले होते आणि छत काही डोक्यावर पडलं नव्हतं. काकूंनी त्या पोरांना भाकरी वाढली आणि विचारलं, “अजून एक खेळता का, असंच?”

सोमवारी चाचणीत माझा पहिला प्रयत्न वाया गेला. फोर्कलिफ्टचा दात फळीवर आपटला, फळी तिरकी सरकली. साहेबांनी मान हलवली. आणि माझ्याच तोंडातून, जोरात, आलं, “सर, अजून एक!” साहेब दचकले. माझ्या पॅकिंगच्या मैत्रिणी दचकल्या. सगळ्यांत जास्त मी दचकले. पण ते म्हणाले, “बरं, घे.” एका वेळी एकच दांडा ओढत मी ती फळी उचलली, नेली आणि ठेवली, अलगद, मागच्या बिचाऱ्याला पास द्यावा तशी. त्या संध्याकाळी मी बॅग उघडली.

आता पुढच्या महिन्यात मला कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवतायत, गुजरातच्या हद्दीकडं. सांगितलं तेव्हा काकूंनी यंत्र चालू केलं आणि पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. म्हणाल्या, “बघ की हितं.” दादाच्या नावाखाली आणखी एक नाव होतं, माझं. त्याच्यापुढं राखाडी ठिपका. “तितं गेल्यावर आधी टीव्ही घ्यायचा, आन् हे यंत्र. रयवारी दुपारी हिरवी हो, म्हंजी झालं.”

काकू, होईन. आणि एक दिवस माझं स्वतःचं घर असेल, तेव्हा तुम्हाला आणि तात्यांना घेऊन येईन. मुंग्यांच्या क्रिकेटची कॅसेट कुठूनही शोधून आणून ठेवीन. गल्लीतली सगळी पोरं रिमोटला हात लावायला टपलेली असतील. त्यांना सांगेन, थांबा रे, पहिली पाळी ह्यांची, ह्या सगळ्यात लांबून आल्यात.