नऊला उठणारे दाजी

अक्काचा फोन आला तेव्हा मी कसब्यातल्या दुकानाचं शटर वर करत होतो. "गेले रे," एवढंच म्हणाली. शटर अर्ध्यावर सोडून मी तसाच वारज्याला निघालो. आणि खरं सांगतो, रिक्षात बसल्यावर पहिला शब्द मनात आला तो 'सुटलो'. दाजी सुटले, असं नव्हे. मी सुटलो. आता त्यांच्यासमोर जाऊन बसायला नको, त्यांच्या नजरेला नजर द्यायला नको... महिना उलटून गेला, पण त्या शब्दाची लाज काही उतरत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. अंगाने काडी, आयुष्यात कुणाला चापट मारली नसेल. पण घरोघरी केबल आली, रविवारी सकाळी अमेरिकेतल्या बॉक्सिंगच्या लढती थेट दिसायला लागल्या आणि हा माणूस कामातून गेला. पुढे कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यात इच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती दाजींची. मग वारज्याला फ्लॅट घेताना त्यांची अट एकच, हॉल मोठा हवा. अक्का म्हणाली, स्वयंपाकघराचं काय? दाजी म्हणाले, तिथे कुठे टीव्ही लावायचाय!

त्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही जमायचो. दाजी, मी, शाळेतून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले गोडबोले सर आणि नंतर नीलेश. नीलेश अमरावतीचा, हिंजवडीला आयटीत, दाजींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. एका रविवारी 'आवाज कमी करा' म्हणून सांगायला खाली आला आणि दुपारी जेवूनच वर गेला. लढत संपली की खरी मजा सुरू व्हायची. जुन्या बॉक्सिंगमधले प्रश्न. चौकोनी असूनही त्याला रिंग का म्हणतात? तर पूर्वी बघे गोल करून उभे राहायचे आणि त्या गोलात मारामारी चालायची म्हणून. हार कबूल करायला टॉवेल फेकतात, त्याआधी काय फेकायचे? स्पंज. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी पंचासारखं मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की तो बाद. मोबाइल फ्रिजवर ठेवून बसायचं, हा नियम नीलेश आल्यावर झाला. त्याला सगळं शोधून बघायची खोड होती, आणि दाजींच्या मते शोधून सापडलेलं उत्तर हे उत्तरच नव्हे.

दाजी कधीच बाद झाले नाहीत. त्यांची एक लकब होती. उत्तर तयार असलं तरी नऊपर्यंत बोलायचे नाहीत. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसायचे. आमचं 'नऊ' झालं की डोळे उघडून उत्तर. "पडल्या पडल्या उठतो तो अडाणी. नऊपर्यंत बसावं, दम खावा, मग उठावं," असं ते नेहमी सांगायचे. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सात-आठला आम्ही एकमेकांकडे बघून हसायला लागायचो, आता बघा म्हणून.

त्यामुळेच आमचा घात झाला. शेवटच्या दोन वर्षांत दाजी गप्प बसायचे तेव्हा ते दम खात नव्हते, शोधत होते. कुणाच्याही घरात लक्षात आलं असतं, कुठल्याही मित्राला दिसलं असतं. आम्हाला दिसलं नाही, कारण आम्हाला वाटायचं, नऊची वाट बघताहेत. एका रविवारी नऊ झाले, दाजींनी डोळे उघडले आणि तोंडातून काही आलंच नाही. दहा! नीलेश दिवाणावर उभा राहून ओरडला, "गेले ना बाप्पा, काका!" गोडबोले सरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त मी हसलो. इतक्या वर्षांचा दबदबा मोडला, याचा चक्क आनंद झाला मला. दाजीही हसले. मग आत गेले आणि अक्काला हळूच विचारलं, ही मंडळी आपल्याकडे कशाला आलीत?

हे अक्काने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचं नाव सांगितल्यावर. दुकानात येऊन बसली होती. म्हणाली, बाकी काही कर नाहीतर नको करू, तो मोजायचा खेळ तेवढा बंद कर. रविवारी रात्री ते जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्या मंडळींसमोर बाद व्हायची त्यांना धास्ती बसली आहे.

म्हणजे टॉवेल फेकायचं काम माझं होतं. गोडबोले सरांना आणि नीलेशला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मला अवघड वाटलं. आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत कशाला... आणि मी एक शहाणपणा केला. मोजणी मी हातात घेतली आणि हळू मोजायला लागलो. सहानंतर जरा रेंगाळायचं, आठवर खोकला काढायचा. दाजींना तेवढ्यात उत्तर सापडायचं. दोन-चार रविवार निभावले. मी स्वतःवर खूश.

वास्तविक मला कळायला हवं होतं. जुन्या काळची एक प्रसिद्ध लढत आहे. पाडणाऱ्याने आधी दूरच्या कोपऱ्यात जायचं असा नियम, तो जाईना म्हणून पंचाने मोजणी उशिरा सुरू केली, पडलेल्याला जास्तीचे काही क्षण मिळाले, तो नऊला उठला आणि जिंकला. गोडबोले सरांच्या मते ते नियमाला धरून होतं. दाजी मात्र दरवेळी भडकायचे. म्हणायचे, फुकटात मिळालेल्या श्वासावर जिंकण्यापेक्षा पडून राहिलेलं बरं. वर्षानुवर्षं हे भांडण मी ऐकलं होतं, आणि नेमकं त्याच माणसाला मी फुकटचे श्वास वाटत सुटलो होतो.

त्या रविवारी गोडबोले सरांनी विचारलं, बॉक्सिंगमध्ये हातमोजे आले त्याने डोकं वाचलं की हात? हे आम्हाला दाजींनीच शिकवलं होतं. मोज्यांनी मुठी वाचतात. डोक्यावर उलट जास्त मार बसतो. मी मोजत होतो. सहा... सात... दाजींचे ओठ हलत होते. मी आठ लांबवला. दाजींनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"सुभाष, मला भीक घालू नकोस. नीट मोज."

माझ्या कानशिलात लगावली असती तरी चाललं असतं. मी नऊ म्हटलं, दहा म्हटलं. कुणी ओरडलं नाही. दाजी उठून आतल्या खोलीत गेले आणि पुन्हा कधी रविवारी बाहेर येऊन बसले नाहीत. खेळ बंद झाला. अक्काला तेच हवं होतं, पण असं नको होतं. आजाराने त्यांचं बरंच काही नेलं, मात्र ती शेवटची अप्रतिष्ठा मी केली. सगळं विसरत चाललेल्या माणसाला माझी लबाडी तेवढी कळली.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. कारणं भरपूर होती, दुकान होतं, ट्रॅफिक होता. शेवटचा गेलो तो दाजी जाण्याच्या थोडे दिवस आधी, तेही अक्काने दोनदा बोलावल्यावर. दाजी आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी समोर पलंगावर बसलो तेव्हा माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाले, "आपण कोण?"

नाव सांगायचं होतं, नातं सांगायचं होतं, बस्स. पण माझा आवाजच फुटेना. दाजींनी हात वर केला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... घड्याळासारखं, जराही न रेंगाळता. नऊ झाले आणि ते थांबले. हात तसाच वर. मी दहाची वाट बघत होतो. अक्का दारात येऊन उभी राहिली, दाजी थांबलेलेच.

शेवटी मीच म्हणालो, "दाजी, दहा म्हणा."

दाजींनी मान हलवली. "आधी उठ की रे," म्हणाले.

मी मान खाली घालून तसाच बसून राहिलो.