नकाशातली रिकामी चौकट

दत्तात्रय बापट यांनी पुण्यात सरकारी खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले. पण नाव एकावरही घातलं नाही. कोपऱ्यातली ‘ड्रॉन बाय’ची, म्हणजे काढणाऱ्याच्या नावाची चौकट रिकामी ठेवायची आणि नकाशा साहेबांपुढे सहीला ठेवायचा, अशी त्या ऑफिसची रीत होती.

निवृत्त होऊन ते बायको वीणाताईंसह मुलीकडे ऑस्ट्रेलियात, पॉइंट कुकला आले आणि जवळच्या एका जुन्या बंगल्यात हौसेने गाइड झाले. लोकरीवर गब्बर झालेल्या इंग्रजाने दीडशे वर्षांपूर्वी मायदेशातल्या बड्या घरांसारखा तो बांधला होता. नक्कलही कशी, तर दिवाणखान्याच्या खिडक्या दक्षिणेला! तिकडे ऊन दक्षिणेकडून येतं, इथे उत्तरेकडून, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. दिवाणखाना अजून कुडकुडतोय. दत्ताकाका हे रंगवून सांगत आणि पाहुणे पोट धरून हसत.

एकदा त्यांनी सगळा बंगला मोजायला घेतला. टेपचं दुसरं टोक धरायला राजीव असायचा. हा बंगल्याच्या कमिटीतला, पुण्याचाच, चाळिशीचा आयटीवाला. आपला माणूस.

मग कोरोना आला, बंगल्याला कुलूप लागलं. लॉकडाऊनभर काकांनी डायनिंग टेबलावर नकाशा काढला. आतली मापं बाहेरच्या मापाशी जुळेनात. जेवणघराच्या भिंतीमागे साडेतीन फूट बेपत्ता होते. महिनाभर डोकं खाजवल्यावर उलगडलं: तिथे नोकरांचा जिना असणार, नंतर कोणीतरी बुजवलेला. ताटं वर जायची, पण नेणारा मालकाला दिसता कामा नये. काकांनी तो जिना नकाशात तुटक रेषांनी दाखवला.

राजीव दारातूनच नकाशा घेऊन गेला.

“काका, एकदम कडक! कमिटीला दाखवतो. नो वरीज.”

“नाव घातलंत का?” वीणाताईंनी विचारलं.

“अगं, राजीव घालेल की.”

नंतर राजीवचे फोन आटले. दोन हजार एकवीसच्या जुलैमध्ये, पुन्हा लॉकडाऊन असताना, शनिवारी दुपारी बंगल्याचं झूमवर व्याख्यान झालं. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर त्यांचा नकाशा आला. चौकटीत राजीवचं नाव होतं. मग फोटो आले: भिंत उघडलेली, आत जिना. भिंत कधी उघडली, हेही काकांना कोणी कळवलं नव्हतं.

“आणि थँक्स टू दत्ता अंकल,” राजीव इंग्रजीत म्हणाला, “टेप धरायला त्यांची मदत झाली.”

काकांना ते लागलं. साहेबांनी सह्या केल्या तेव्हा कधी असं झालं नव्हतं. साहेब परके होते.

एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, “भिंतीमागे जिना आहे हे तुम्ही ओळखलंत कसं?”

राजीव अडखळला. कागद चाळले, चष्मा पुसला. मग हसून म्हणाला, “अंकल, यू वाँट टू टेक धिस वन?”

साहेब अडले की मागून हळूच उत्तर पुरवायचं, हीसुद्धा जुनी सवय. उत्तर ओठांवर होतं. वीणाताई शेजारून बघत होत्या.

काकांनी माइक सुरू केला.

“सॉरी मेट,” ते म्हणाले, “आय ओन्ली हेल्ड द टेप.”