कमी वापरलेली पिकअप विकणे आहे

सुनेने मोबाइलवरची जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली आणि आरसेकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जुन्या जमान्यातली पिकअप विकणे आहे. सिंगल ओनर. मालक वयस्कर. गाडी कमी वापरलेली."

"कमी वापरलेली?" काकांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "कोण म्हणतं?"

"तसंच लिहितात, बाबा," मुलगा म्हणाला. "सगळेच लिहितात."

"सगळे लिहोत! एक्केचाळीस वर्षं तिनं काचा वाहिल्या. या शहरातल्या निम्म्या खिडक्या तिच्या पाठीवरून गेल्यात. आणि म्हणे कमी वापरलेली! मग मी काय एवढी वर्षं झोपा काढल्या?"

मुलाने टेबलावरचा चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. तसा तो वाईट नाही. गेल्या महिन्यात काकांनी भर सकाळी गाडी फुटपाथवर चढवली आणि शिंप्याचं बाकडं चेपलं. शिंपी चहाला गेला होता म्हणून वाचला. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काकांनी ते निमूट ऐकलं. गाडी विकायलाही ते तयार झाले. फक्त ती कुणीतरी कामाला लावावी, एवढीच त्यांची अट होती, आणि ती त्यांनी घरात दहा वेळा बजावली होती.

त्यांना आरसेकाका कुणी म्हणायला लागलं ते त्यांनाही आठवत नाही. आरसे त्यांनी विकले ते मोजकेच. त्यांचा धंदा साध्या काचेचा. शाळेच्या खिडक्या, दुकानांची दर्शनी कपाटं, दवाखान्याची दारं. गाडीच्या मागच्या भागात त्यांनी स्वतः एक लाकडी घोडा बसवला होता, उतरत्या छपरासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंना काचा उभ्या टेकायच्या, खाली रबराची पट्टी, मध्ये जुन्या चादरींचे तुकडे. काच आडवी ठेवली की पहिल्या खड्ड्यात गेली म्हणून समजा. पट्टे आवळून झाले की काका बोटाने प्रत्येक काचेवर टिचकी मारायचे. आवाज घुमला तर काच सैल आहे, पुन्हा बांधायची. एक्केचाळीस वर्षांत वाटेवर त्यांच्या तीनच काचा फुटल्या. हे ते पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगत.

जाहिरात वाचून पहिला आला तो एक कॅफेवाला. काका पहाटेपासून पॉलिशपेपर घेऊन दाराचा गंज घासत बसले होते. अर्धं दार झालं होतं.

"अरे अरे, घासू नका!" कॅफेवाला धावतच आला. "हा गंज तर अप्रतिम आहे!"

गंजाचं कौतुक करणारा माणूस काकांनी आयुष्यात प्रथम पाहिला. त्याने प्रत्येक पोच्याचे फोटो काढले. मग म्हणाला, "इंजिन काढून टाकू. कॅफेच्या दारात उभी करू. मागचं लाकूडबिकूड उपटून गाद्या टाकल्या की लोक बसून फोटो काढतील."

"इंजिन काढून?" काका म्हणाले. "ते चालतंय."

"चालवायची कुठे आहे आपल्याला?"

"मग मलाही घेऊन जा. बसवा दारात. माझाही गंज चांगला आहे."

मुलाने काकांचा पाय दाबला, कारण कॅफेवाला मागितल्यापेक्षा दीडपट द्यायला तयार होता. संध्याकाळपर्यंत कळवतो, असं सांगून मुलाने त्याला वाटेला लावलं. मग बापलेकांची जुंपली. मुलगा म्हणाला, दीडपट म्हणजे तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघतं. काका म्हणाले, डोळे नीट करून पाहायचं काय, गाडीत बसून कॉफी पिणारी माणसं?

दुपारी एक बाई आली. फरशा बसवणारी. पँटच्या गुडघ्यांवर सिमेंट वाळलेलं. तिने फोटो काढले नाहीत. आल्या आल्या जमिनीवर पाठ टेकली आणि गाडीखाली शिरली. बाहेर येऊन लाकडी घोडा हलवून पाहिला.

"हा राहू द्या, काका. मोठ्या फरशा उभ्याच न्याव्या लागतात. चक्कर मारू?"

काका तिच्या शेजारी बसले. मुख्य रस्ता आला तसा बाईने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. काटा तीसवर गेला, चाळीसवर गेला. स्पीडब्रेकरवरून गाडी धाडकन उडाली.

"हळू!" काका ओरडले. "अहो बाई, मागे काच आहे!"

"मागे काही नाही, काका."

काकांनी मान वळवली. घोडा रिकामा होता.

"भरली की मीही बैलगाडीसारखी नेणार," बाई म्हणाली. "पण रिकामीही तशीच नेली तर दिवसात तीन फेऱ्या कशा व्हायच्या?"

काकांनी काट्याकडे पाहिलं. ते भरलेली गाडी वीसने नेत आणि रिकामीही वीसनेच आणत. बायकोला कळा सुरू झाल्या त्या दिवशीही त्यांनी वीसच्या वर काटा जाऊ दिला नव्हता. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक. शेवटी ती दात-ओठ खात किंचाळली होती, "अहो, काच नाहीये, मी आहे!" मुलगा दवाखान्याच्या पायरीवर जन्मला. देवाघरी जाईपर्यंत ती हा किस्सा हसत सगळ्यांना सांगायची, आणि काका दरवेळी चिडून म्हणायचे, गाडीच पळत नाही, मी काय करू?

काटा साठवर होता. इंजिन कुरकुरतसुद्धा नव्हतं. काकांना सकाळपासून सगळ्या जगाचा राग आला होता. आता तो सगळा एकाच माणसावर येऊन बसला.

"थांबवू का, काका?" बाईने विचारलं.

"नाही. दाबा अजून."

परत आले तेव्हा मुलगा फाटकात फोन हातात धरून उभा होता. "बाबा, कॅफेवाला विचारतोय."

"नाही म्हणून सांग. गाडी या बाईंना दिली."

"अहो, तो दीडपट देतोय! आणि ही जुनी गाडी, पळत तरी आहे का?"

"पळते," काका म्हणाले. "तुझी आई पायरीवर बाळंत झाली ती माझ्यामुळे. गाडी तेव्हाही पळत होती."